एक्स-इंटरसेप्टला वाय शून्य का ठेवायचा, आणि दोन बिंदूंवर कधी भरवसा ठेवायचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलगी नववीत आहे, स्टेट बोर्ड, रेषीय समीकरणाचा आलेख काढताना एक्स-इंटरसेप्टसाठी कधी एक्स शून्य ठेवते कधी वाय, उत्तर कधी येतं कधी नाही, क्लासमधे सांगितलंय की "दोन बिंदू काढा, पट्टीने जोडा, झालं", तिचे आलेख पुस्तकाच्या उत्तराशी जुळत नाहीत, आणि रेषा काढून तिसरा बिंदू घेतला तर तो तिच्यावर बसत नाही. मी बरीच वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवतोय आणि या धड्यात पोरांची गाडी जिथे अडते त्या जागा जवळपास ठरलेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तरच लिहितो, वही जवळ घेऊन वाचा.

पहिली गोष्ट, "एक्स-इंटरसेप्टला वाय शून्य" हे वाक्य तिच्याकडून पाठ करून घेऊ नका. पाठ केलेलं हेच वाक्य परीक्षेत उलटं होतं, कारण नावात एक्स आहे आणि शून्य ठेवायचाय वाय, मग पोरं नावाच्या मागे जातात. त्याऐवजी तिला कोऱ्या आलेख कागदावर (५, ०), (-३, ०), (१, ०) असे तीन-चार बिंदू मांडायला सांगा आणि विचारा यांच्यात सारखं काय आहे. सगळे आडव्या अक्षावर बसलेत, कुणीही वर गेलं नाही, कुणी खाली गेलं नाही. वर-खाली किती ते वाय सांगतो, म्हणजे या अक्षावर असलेल्या प्रत्येक बिंदूचा वाय शून्यच असणार. आता इंटरसेप्ट म्हणजे काय, तर आपली रेषा अक्षाला जिथे छेदते ती जागा. एक्स-इंटरसेप्ट एक्स-अक्षावर आहे, म्हणून तिथे वाय शून्य, संपला विषय. वाय-अक्षाचं पण तसंच, तिथे डावी-उजवीकडे काहीच सरकलेलो नसतो म्हणून एक्स शून्य. हे एकदा हाताने मांडून डोळ्यांनी बघितलं की गोंधळ पुन्हा होत नाही असं मी म्हणणार नाही, होतो, पण मग तिला स्वतःला तो सोडवता येतो, कुणाला विचारावं लागत नाही.

आता एक समीकरण घेऊ, २एक्स + ३वाय = १२. मी पोरांना बोट ठेवायला सांगतो. ३वाय वर बोट ठेवा, झाकून टाका, उरलं २एक्स = १२, एक्स आला ६. बिंदू (६, ०). आता बोट २एक्स वर, उरलं ३वाय = १२, वाय ४. बिंदू (०, ४). दहा सेकंदांचं काम आहे.

इथेच दुसरी चूक होते आणि ही तुमच्या मुलीच्या वहीत असण्याची शक्यता फार आहे, बघा तपासून. पोरं दोन्ही उत्तरं एकत्र करतात, एक्स ६ आला, वाय ४ आला, म्हणून बिंदू (६, ४), आणि तो मांडून मोकळी होतात. मग पुढे काय जोडायचं ते कळत नाही म्हणून आरंभबिंदूशी, म्हणजे (०, ०) शी, जोडतात! तिला (६, ४) त्याच समीकरणात ठेवून बघायला सांगा. २ गुणिले ६ बारा, ३ गुणिले ४ बारा, बेरीज २४. पाहिजे होते १२, आले बरोबर दुप्पट. आणि गंमत म्हणजे हे दरवेळी दुप्पटच येणार, कुठलंही समीकरण घ्या, कारण एकट्या एक्सने सगळे बारा भरले होते, एकट्या वायनेही सगळे बारा भरले होते, दोघांना एकदम आत सोडलं की बारा अधिक बारा. हे कळलं की (६, ०) आणि (०, ४) हे दोन वेगळे बिंदू का आहेत ते डोक्यात बसतं, कारण ते दोन वेगळे प्रसंग आहेत, एकदा वाय नव्हता आणि एकदा एक्स नव्हता.

म्हणून इंटरसेप्ट काढला की नुसतं "एक्स = ६" लिहून सोडायचं नाही, पूर्ण जोडी लिहायची, कंसासकट, शून्यासकट. आपल्याकडे आलेखाआधी जो तक्ता करतात ना, वर एक्सची ओळ, खाली वायची ओळ आणि त्याखाली जोडीची ओळ, तो याच्यासाठीच आहे. वेळ वाचवायला पोरं जोडीची ओळ गाळतात आणि नेमका तिथेच घोटाळा होतो.

आता "दोन बिंदू काढा, झालं" याबद्दल. रेषा ठरायला दोन बिंदू पुरतात हे बरोबरच आहे. पण दोन चुकीचे बिंदू घेतले तरी पट्टी त्यांच्यावरून जातेच की, कागद काही ओरडून सांगत नाही की चुकलंय. तिसरा बिंदू घ्यायचा तो रेषेसाठी नाही, तपासणीसाठी. वरच्या समीकरणात एक्स ३ घ्या, ६ अधिक ३वाय बरोबर १२, वाय २, बिंदू (३, २). हा मांडला की (६, ०) आणि (०, ४) च्या रेषेवर बसतो का बघायचं. बसला तर रेषा ओढा, नाही बसला तर तिघांपैकी किमान एक तरी खोटा आहे, शोधा. मात्र एक करायचं नाही, ते म्हणजे तिसरा बिंदू किंचित बाजूला पडलाय म्हणून पट्टी थोडी तिरकी करून "मधून" काढणं. प्रयोगाच्या वहीत चालतं ते, इथे नाही. इथे बिंदू अचूक आहेत, एकतर तिन्ही रेषेवर बसतील नाहीतर गणित चुकलंय. (हा (३, २) लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.)

चिन्हांचं बघू, कारण बोट ठेवायच्या पद्धतीत एक खड्डा आहे. समीकरण घ्या एक्स - २वाय = ५. वायचं पद झाकलं, एक्स = ५, ठीक. आता एक्स झाकला, उरलं काय? पोरं म्हणतात २वाय = ५, आणि वाय आला अडीच. उणे चिन्ह बोटाखाली गेलं! उरलं होतं -२वाय = ५, म्हणून वाय उणे अडीच, बिंदू (०, -२.५). उणे चिन्ह हे त्याच्या पुढच्या पदाचं असतं, झाकताना आधीच्या पदाबरोबर झाकायचं नाही. ही चूक तिसरा बिंदू लगेच पकडतो, एक्स १ घ्या, वाय येतो -२, आता (०, २.५), (५, ०) आणि (१, -२) मांडून बघा, एका रेषेत येण्याचा प्रश्नच नाही, एक वर एक खाली. बरोबरवाले (०, -२.५), (१, -२), (५, ०) मात्र सरळ बसतात.

आता खरा मुद्दा, जो क्लासमधे घाईत राहून जातो. इंटरसेप्टची पद्धत छान आहे पण प्रत्येक समीकरणाला ती लावायची नसते. समीकरण बघून आधी अंदाज घ्यायचा की उजवीकडच्या संख्येला दोन्ही सहगुणकांनी (एक्स आणि वायच्या मागचे आकडे) भाग जातो का. १२ ला २ ने जातो, ३ ने जातो, मस्त, इंटरसेप्ट घ्या. पण ३एक्स - ४वाय = ७ आलं तर? इंटरसेप्ट येतात सात तृतीयांश आणि उणे सात चतुर्थांश. सात तृतीयांश म्हणजे २.३३३..., आलेख कागदावर एक सेंटीमीटरचे दहा भाग असतात, २.३ आणि २.४ च्या मधे कुठेतरी टिंब द्यायचं, डोळ्यांनी अंदाजे. अडीच असतं तर काही अडचण नव्हती, पाच बारीक घरं मोजली की झालं, त्यामुळे अपूर्णांक आला म्हणजे लगेच घाबरायचं असंही नाही, दशांशात सुटसुटीत बसणारा चालतो, तृतीयांश-सप्तमांश नको. अशा वेळी पूर्णांक बिंदू शोधायचे. एक्स १ ठेवा, ३ - ४वाय = ७, वाय -१, लगेच सापडला (१, -१). आणि एक सापडला की बाकीचे फुकट मिळतात, एक्स ४ ने वाढवा आणि वाय ३ ने वाढवा, म्हणजे (५, २), उलट जा, (-३, -४). का, तर एक्स ४ ने वाढला की ३एक्स १२ ने वाढतो, वाय ३ ने वाढला की ४वाय पण १२ नेच वाढतो, वजाबाकी जशीच्या तशी सातच राहते. मधे अधिक चिन्ह असतं तर एक वाढवताना दुसरा कमी करायचा, एवढाच फरक. ही युक्ती आठवीतल्या पोराला पण समजते आणि पुढे चढ (रेषेचा तिरकेपणा) शिकताना तीच गोष्ट चढ म्हणून समोर येते.

याहून वाईट केस म्हणजे ४एक्स + ३वाय = १ सारखी. इंटरसेप्ट आहेत पाव आणि एक तृतीयांश. तृतीयांशाचा त्रास आहेच, पण समजा टिंबं अगदी छान दिली तरी दोन बिंदूंमधलं अंतर किती, तर १ सेमी = १ एकक घेतलं तर पाच भागिले बारा सेंटीमीटर, म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास. (पायथागोरस लावून बघायला सांगा तिला, ३-४-५ चाच त्रिकोण लहान होऊन बसलाय.) आता पेन्सिलीचं टोक अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं, जे कुणाचंही होतं, तर त्या बिंदूंपासून पाच सेंटीमीटर लांब गेल्यावर ती चूक बारापट होते, म्हणजे सहा मिलिमीटर, अर्ध्या घराहून जास्त. तुम्ही लिहिलंय ना की रेषा काढली तर तिसरा बिंदू बसत नाही, बऱ्याचदा गणित बरोबर असतं आणि कारण हे असतं. बिंदू लांबलांबचे घ्यायचे. या समीकरणात (१, -१), (-२, ३), (४, -५) घ्या, तिन्ही पूर्णांक आणि एकमेकांपासून पाच-पाच सेंटीमीटर.

उजवीकडे शून्य असेल तर इंटरसेप्टची पद्धत पूर्णच झोपते. ३एक्स + २वाय = ०, वाय शून्य ठेवा एक्स शून्य, एक्स शून्य ठेवा वाय शून्य, दोन्ही वेळा तोच बिंदू. पोरं इथे दोन तऱ्हेने अडकतात, काहींना वाटतं आपलं चुकलं म्हणून खोडतात, काही एका टिंबातून मनाला येईल तशी रेषा काढतात. रेषा आरंभबिंदूतून जातेय एवढंच कळलंय, आता अजून दोन बिंदू पाहिजेत, (२, -३) आणि (-२, ३) घ्या, संपलं.

आणि एक्स = ३ किंवा वाय = -२ अशी समीकरणं. "सर यात वायच नाहीये मग वाय शून्य ना?" हा प्रश्न दरवर्षी येतो. वाय नाहीये म्हणजे वायवर काही अट नाही, तो काहीही असू शकतो, (३, ०) (३, ५) (३, -४) सगळे चालतात, म्हणून रेषा उभी, वाय-अक्षाला समांतर, आणि ती वाय-अक्षाला कधीच भेटत नाही त्यामुळे वाय-इंटरसेप्ट नाहीच. यावर जास्त वेळ घालवू नका, चार बिंदू मांडले की आपोआप दिसतं.

इंटरसेप्टला अर्थ असतो हे मात्र जरूर दाखवा, कारण अर्थ कळला की कोण शून्य आणि कोण नाही हे विसरायला होत नाही. घरातलंच उदाहरण, पन्नासच्या आणि वीसच्या नोटा मिळून १००० रुपये करायचेत. पन्नासच्या एक्स नोटा, वीसच्या वाय नोटा, ५०एक्स + २०वाय = १०००. वाय-इंटरसेप्ट ५०, म्हणजे पन्नासची एकही नोट नाही, सगळ्या वीसच्या. एक्स-इंटरसेप्ट २०, सगळ्या पन्नासच्या. मधले बिंदू म्हणजे मिसळलेल्या नोटा, (१०, २५) वगैरे, आणि पन्नासच्या दोन दिल्या की वीसच्या पाच येतात, ती वरचीच युक्ती. इथे रेषा दोन इंटरसेप्टच्या मधेच थांबते, पुढे उणे नोटा येतील, आणि खरं तर रेषासुद्धा नाही, सुटे बिंदूच आहेत कारण अर्धी नोट नसते. हे तिने स्वतःहून विचारलं तर खूश व्हा.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं, सेल्सियस आणि फॅरनहाइट. फॅरनहाइट म्हणजे सेल्सियसची नऊ पंचमांश पट अधिक ३२. सेल्सियस आडव्या अक्षावर घेतलं तर उभ्या अक्षावरचा इंटरसेप्ट ३२, पाणी गोठतं तो आकडा. आडव्या अक्षावरचा इंटरसेप्ट मात्र -१७.७८ वगैरे, कागदावर मांडायला अगदी वाईट. मग (१०, ५०), (१००, २१२) आणि (-४०, -४०) घ्या, सगळे सुटसुटीत. उणे चाळीसला दोन्ही मापं एकच होतात हे पोरांना आलेखावर दिसलं की चेहरे बघण्यासारखे असतात. आणि रेषा नीट काढली असेल तर ३७ वर उभं राहून वर बघितलं की ९८.६ च्या आसपास सापडतं, तापाच्या थर्मामीटरवरचा ओळखीचा आकडा.

आलेख कागदाच्या सवयी पटापट सांगतो. पेन्सिल टोकदार, टिंब बारीक, मोठा गोळा नको. प्रमाण टिंबं द्यायच्या आधीच वरच्या कोपऱ्यात लिहायचं, पण ते तक्त्यात बिंदू काढून झाल्यावर ठरवायचं, नाहीतर नोटांच्या गणितात १ सेमी = १ एकक घेऊन बसलात तर ५० सेंटीमीटरचा कागद आणणार कुठून, तिथे १ सेमी = ५ एकक घ्या, आडवे चार सेंटीमीटर, उभे दहा, आरामात मावतं. रेषा बिंदूंच्या पलीकडे न्यायची आणि दोन्ही टोकांना बाण द्यायचे, कारण बिंदूंशी थांबलात तर तो रेषाखंड झाला. रेषेच्या बाजूला तिचं समीकरण लिहायचं. उणे बाजूचे आकडे लिहिताना पोरं वाय-अक्षाच्या डावीकडे -१ च्या जागी चुकून पुन्हा ० लिहितात आणि मग डावीकडचं सगळं एक घर सरकतं, हे एकदा नजर टाकून बघा. तसं उणे बाजूचा त्रास जुनाच आहे, देकार्त या फ्रेंच गणितज्ञाने १६३७ मधे भूमिती आणि बीजगणित जोडून दाखवलं तेव्हा त्याच्या आकृत्यांत आपण काढतो तसे दोन काटकोनातले अक्ष उणे बाजूसकट नव्हते, ते पुढच्या लोकांनी हळूहळू आणले. आलेख काढून देणारं जिओजेब्रा किंवा डेस्मॉस ॲप मोबाईलवर फुकट आहे, पण आधी हाताने काढू द्या आणि मग ताडून बघा, उलट केलं तर ती नुसती चित्र उतरवून घेईल.

दहावीत हेच सगळं एकसामयिक समीकरणांच्या (दोन समीकरणं एकदम सोडवायची) आलेख पद्धतीत येतं, भाग १ चा पहिलाच धडा आहे, त्यामुळे आत्ता पक्कं झालं तर पुढच्या वर्षी बराच वेळ वाचेल. तिथे नवी चूक एकच, पोरं रेषा अक्षाला छेदते तो बिंदू उत्तर म्हणून लिहितात. उत्तर म्हणजे दोन रेषा एकमेकींना छेदतात तो बिंदू. २एक्स + ३वाय = १२ च्या जोडीला एक्स - वाय = १ घ्या, हिचे इंटरसेप्ट (१, ०) आणि (०, -१), जोडा, वर न्या, आणि ती पहिल्या रेषेला जिथे भेटते तो बिंदू आहे (३, २), आपण तपासणीला घेतलेला तोच. अजून एक, इंटरसेप्ट बघून रेषा समांतर आहेत का तेही कळतं. २एक्स + ३वाय = ६ चे इंटरसेप्ट ३ आणि २, आधीच्या ६ आणि ४ च्या बरोबर निम्मे, दोन्ही एकाच पटीत बदलले म्हणजे तिरकेपणा तोच, रेषा समांतर, उकल नाही. आणि ४एक्स + ६वाय = २४ चे इंटरसेप्ट परत ६ आणि ४, म्हणजे रेषा तीच आहे, फक्त समीकरण दुपटीने लिहिलंय, तिथे उकली अनंत. अट एवढीच की इंटरसेप्ट दोन्ही शून्य नसावेत, आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषांना हे लागू नाही.

चढ पण इथूनच निघतो. (०, ४) वरून (६, ०) ला जाताना सहा घरं उजवीकडे आणि चार खाली, चढ उणे चार षष्ठांश म्हणजे उणे दोन तृतीयांश. आणि समीकरणाला १२ ने भागलं तर एक्स/६ + वाय/४ = १, दोन्ही इंटरसेप्ट छेदात आयते बसलेले दिसतात. हे अकरावीत रीतसर येतं, पण तिला आत्ता दाखवायला हरकत नाही, विशेषतः इंटरसेप्ट देऊन समीकरण विचारायचा उलटा प्रश्न देताना.

सरावाला वीस-वीस गणितं देऊ नका, ही सहा द्या आणि प्रत्येकाला काढायच्या आधी विचारा की इंटरसेप्ट घेशील की दुसरे बिंदू, आणि का: ५एक्स + २वाय = १०, एक्स - ३वाय = ६, २एक्स - ७वाय = ३, ५एक्स - ४वाय = ०, वाय = -४, आणि २एक्स + ५वाय = १. पहिली दोन इंटरसेप्टने. तिसऱ्यात (५, १) पासून सुरू करून सात-सात आणि दोन-दोनच्या उड्या. चौथं आरंभबिंदूचं. पाचवं आडवी रेषा. सहावं सगळ्यात लबाड, दोन्ही इंटरसेप्ट दशांशात सरळ बसतात, ०.५ आणि ०.२, म्हणून मोह होतो, पण दोन टिंबं जवळजवळ चिकटलेली, तिथे (३, -१) आणि (-२, १) घ्यायचे. सहाव्याला ती थांबून "हे फार जवळ आहेत" म्हणाली तर शेवटचं एक द्या, इंटरसेप्ट (-३, ०) आणि (०, ५) आहेत, समीकरण सांग. -५एक्स + ३वाय = १५ आलं पाहिजे, किंवा तेच चिन्हं उलटून, आणि तपासायला (३, १०) ठेवून बघा.